आवाजाला दिलेलं अंग

गळ्याच्या ऑपरेशननंतर ताई पहिल्यांदाच स्टुडिओत गायली, तेव्हा काचेपलीकडे बसलेल्या धाकट्या भावाने मान खाली घातली. रेकॉर्डिंग हा त्याचा धंदा. वरच्या सुरांना आवाज पार विरत होता, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

ती चहा प्यायला बाहेर गेली आणि त्याने एक बटण फिरवलं. स्क्रीनवर आवाजाच्या लाटा उभ्या होत्या. त्यांची टोकं अलगद दाबली की मूळ आवाजात नसलेले बारीक सूर त्यात मिसळतात आणि पातळ आवाजालाही अंग येतं, तो भरदार वाटतो. फार दाबली तर टोकं सपाट होतात, आवाज फाटतो. त्याने बेतानेच दाबली.

ताईने परत येऊन ऐकलं आणि तिचे डोळे भरले. "छोट्या, आला रे माझा आवाज! डॉक्टर उगाच घाबरवत होते."

"हो," एवढंच तो म्हणाला.

त्या भरात तिने एका कार्यक्रमाला होकार देऊन टाकला. आज खरं सांगू, उद्या सांगू, असं भावाचं चालू असतानाच तालमीचा दिवस उजाडला.

प्रेक्षकांविना रिकाम्या हॉलमध्ये ती वादकांसोबत गायला लागली; भाऊ भिंतीला टेकून उभा होता. अंतऱ्याला आवाज चिरकला. "माइक बदला हो," ती तिथल्या साउंडवाल्यावर डाफरली. त्याने बिचाऱ्याने बदलला. पुन्हा तेच. "कान आहेत की भोकं?" ती ओरडली. साउंडवाल्याचा चेहरा एवढासा झाला.

आता मात्र भावाला राहवेना. "त्यांची चूक नाही, ताई. माझी आहे."

स्टुडिओत नेऊन त्याने तिला सगळं दाखवलं. तिने स्वतःच बटण शेवटपर्यंत फिरवलं. तिचा आवाज पत्रा ओरबाडल्यासारखा खोलीभर पसरला. मग तिने ते शून्यावर आणलं आणि आपलं खरं गाणं संपेपर्यंत ऐकलं.

"म्हणजे तो मशीनचा आवाज."

"तुझाच गं. फक्त..."

"फक्त काय? सगळ्यांदेखत मी त्या माणसाला काय काय बोलले! आणि तू भिंतीला टेकून ऐकत होतास."

"तू रडलीस ना, मग माझी जीभच उचलेना."

"लहानपणापासून माझा एक सूर हलला तरी तू हसायचास. त्या हसण्यावर विसंबून मी गात आले. आता कुणावर विसंबू?"

कार्यक्रम तिने रद्द केला नाही. आधी साउंडवाल्याची माफी मागितली, मग पट्टी बरीच खाली घेऊन दोनच गाणी गायली. टाळ्या पडल्या, पण पूर्वीसारख्या नाहीत. स्टुडिओतलं गाणं तिने कुणालाच देऊ दिलं नाही.

परतताना भाऊ गाडी चालवत होता. ती खिडकीबाहेर बघत होती. मान न वळवताच तिने विचारलं, "दुसऱ्या गाण्यात दम लागलेला कळत होता?"

"हो. दोनदा."

"आणि शेवटचा सूर?"

"उतरला होता."

घर आल्यावर त्याने तिची बॅग उचलायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला आणि स्वतःच बॅग घेऊन जिना चढू लागली.