सुनेला रडवणारा बटाटा

त्या बटाट्याला नाकं, बोटं, कुबडं, सगळं असतं. म्हणून त्याचं नावच ‘सुनेला रडवणारा’. पेरू देशात, कुस्को शहराच्या वरच्या डोंगरात, घरात सून यायच्या आधी तो सोलायला तिच्या हातात देतात. साल पातळ निघाली, एकही कुबड तुटलं नाही, तर पोरगी पास. नाहीतर गाठोडं उचल आणि खाली शहरात जा.

मार्लेनी शहरातलीच. नखं रंगवलेली, शाळा अर्ध्यात सोडलेली. तिला ज्याच्याशी लग्न करायचं होतं त्या एफ्राइनच्या आईला, सातुर्निनाला, तेवढं बघूनच सगळं कळलं होतं. पण नखांनी काय होतंय? आजीच्या खानावळीत मार्लेनी लहानपणापासून बटाटेच सोलत आलेली.

सोबतीला एफ्राइनची बहीण निल्दा पण एक बटाटा घेऊन बसली. एफ्राइन समोरच, चुलीपाशी. मधेच मेंढ्या सुटल्या म्हणून सातुर्निना बाहेर पळाली. परत आली तर ताटात दोन्ही बटाटे तयार. एक गुळगुळीत, कुबडं जशीच्या तशी. दुसऱ्याचे नुसते लचके तोडलेले.

तिने गुळगुळीत उचलला. “बघा, याला म्हणतात हात! माझी लेक आहे ती. आणि हा दुसरा? सोललाय का कुत्र्याने चावलाय?”

निल्दा खाली वाकून साली गोळा करायला लागली.

“मावशी, तो चांगला माझा आहे,” मार्लेनी म्हणाली.

“घरात आली नाही तोच खोटं!”

“एफ्राइन, तू इथेच होतास ना? सांग की!”

एफ्राइनने आधी आईकडे बघितलं, मग ताटाकडे. “अगं, तुझी गडबड झाली असेल. आई, शिकेल गं ती.”

मार्लेनीचं डोकंच सटकलं. म्हातारी बाहेर होती, तिचं सोडा. हा तर समोर टक लावून बसला होता!

तिने टोपलीतला सगळ्यात वेडावाकडा बटाटा उचलला. “तोंडाकडे नको, हाताकडे बघ,” ती त्याच्यावर खेकसली. सुरी फिरली. साल लांबच लांब उतरत गेली, पापुद्र्यासारखी.

सातुर्निनाने तो बटाटा दाराच्या उजेडात धरला, उलटासुलटा केला. “हं. निल्दाशेजारी बसली ना. वाण नाही पण गुण लागला. चालेल, राहू दे पोरीला.”

झालं. लग्न पक्कं. पण मार्लेनी हसली नाही.

“पहिला कुणाचा होता?” तिने एफ्राइनला विचारलं.

तो ताटातल्या त्या गुळगुळीत बटाट्याकडे बघत होता, मग तिच्या हातांकडे.

“तुझाच,” तो पुटपुटला.

“मला नको सांगू. तिकडे आईकडे तोंड कर, आणि मोठ्याने बोल.”