पोपटाने काढलेला पत्ता

हे कुणालाही खरं वाटणार नाही, आणि लगेच पटणाऱ्या गोष्टी मी सहसा सांगतही नाही. अंबरनाथचा एक रंगाचा कारखाना अडून बसला होता, तो मी एका पोपटाकडून सुरू करून घेतला.

कात्रपला आमच्या सोसायटीच्या गेटाशी बाक आहे. तिथे मी हे वाक्य टाकलं तेव्हा समोर बाळाजी होता, आणि तळमजल्यावरची कुंदा मेथी निवडत होती. बाळाजी इथलाच. आमची इमारत त्याच्या भाताच्या खाचरावर उभी आहे, त्यामुळे बाकावरची मधली जागा त्याची.

"पोपट कुठल्या खात्यात होता?" त्याने विचारलं.

"आधी ऐक."

माझी नात पायल त्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. अजून कायम झालेली नाही. मालक गोपसेठ, राहणार उल्हासनगर. कुठल्या रंगात काय किती घालायचं, ही मापं पूर्वी सेठच्या डोक्यात असायची. आता ती क्लाउडवर, म्हणजे लांब कुठेतरी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, डेटाबेसमध्ये ठेवली आहेत. ती जागा इतकी गार, की तिथले डास स्वेटर घालून चावतात.

"तुम्ही पाहिलेत, काका?" कुंदा म्हणाली.

"चावून घेतलंय."

आधी हा डेटाबेस उघड्या इंटरनेटवर होता. पासवर्ड मिळाला की कुणीही, कुठूनही आत. पायलने सेठना सुचवलं, आपल्यापुरती खासगी लाइन घेऊ आणि बाहेरचं दार बंद करून टाकू. सेठ तयार झाले. लाइन आली, पायलने बाहेरचं दार बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाच आत जाता येईना. मापं मिळेनात म्हणून टाक्यांमधली रवी थांबली. सेठच्या पुतण्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, शनिवारपर्यंत चालू झालं तर ठीक, नाहीतर जिने लाइन आणली तिने लाइनीबरोबर घरी जावं.

कुंदाचे हात मेथीत थांबले. "पोरीची नोकरी गेली की काय?"

"म्हणून तर पोपट."

पायलने आधी लाइन तपासली. धडधाकट. मग पासवर्ड तपासले. तेही बरोबर. त्यांच्याकडे दर कामाला वेगळा पासवर्ड नाही. सकाळी एकदा ओळख पटवायची, मोबाइलवर होकार द्यायचा, की दिवसभर सगळी दारं उघडी. ही ओळख पटवून घेणारा पहारेकरी, म्हणजे तोही एक कॉम्प्युटरच, डेटाबेसपाशी नसतो, तो वेगळ्याच ठिकाणी बसतो. तो सगळ्यांना "या" म्हणत होता, आणि त्यानंतर पडदा पांढराफटक. जेवायला वाढायचं नाही तर पाट मांडायचा कशाला?

शेवटी पोरीने ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर डोळे लावले. ओळख पटली रे पटली की तिथला खासगी लाइनीचा पत्ता जाऊन जुना पत्ता येत होता, बाहेरच्या दाराचा. पहारेकऱ्याकडे एकच पत्ता नोंदवता येतो, आणि तो जुनाच राहिला होता. म्हणजे माणूस मागच्या गल्लीतून आला, पहारेकऱ्याने त्याला ओळखलं, हात जोडले, आणि कुलूप लावलेल्या पुढच्या दारावर पाठवून दिलं.

"मग पत्ता बदलायचा," बाळाजी म्हणाला. "त्यात काय एवढं."

"सेठला विचार त्यात काय ते."

त्या नोंदीची किल्ली सेठकडे. बदल करायचा तर होकार त्यांच्याच मोबाइलवरून द्यावा लागतो. आणि जुना पत्ता त्यांच्या गुरूंनी अक्षरं मोजून काढून दिलेला. उल्हासनगरात वस्त्यांना कॅम्प म्हणतात; दुकान एका कॅम्पातून दुसऱ्या कॅम्पात जाईल, पण चालणारी पाटी कुणी बदलत नाही. लाइन आली तेव्हाच पायलने विचारलं होतं, पत्ता बदलू का. सेठ म्हणाले, "बेटी, लाइन नई ले ले, नाम वही रहेगा. उसी नाम से बरकत है." पायलला वाटलं, तेवढ्याने काय अडतंय. तिथेच अडलं.

"पोरगी रडकुंडीला आली," मी म्हणालो. "मग शुक्रवारी मी स्वतः निघालो. शहाड स्टेशनाबाहेर एक पोपटवाला बसतो. आमच्या घरात पोपटाचं भविष्य कुणी मानत नाही, ते खातं छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हाच बंद झालं. पण इथे माझा विश्वास लागत नव्हता, सेठचा लागत होता. पोपट घेतला आणि उल्हासनगरला सेठच्या गादीसमोर नेऊन ठेवला. चिठ्ठ्या मांडल्या, एकेका चिठ्ठीवर एकेक इंग्रजी अक्षर. म्हटलं, सेठ, आता हाच सांगेल तुमचा पुढचा पत्ता. पोपट बाहेर आला आणि खासगी लाइनीचा तो लांबलचक पत्ता त्याने अक्षर-अक्षर काढला."

"त्यात टिंबं असतात," बाळाजी म्हणाला. त्याचा मुलगा इंजिनिअर आहे.

"टिंब आलं की हरभऱ्याचा दाणा ठेवायचा."

"आणि आडवी रेघ?"

"शेपटी. मधे एका अक्षराला चुकला, तर स्वतःच मागे जाऊन चिठ्ठी उचलून घेतली. सेठनी हात जोडले, मोबाइल काढला, होकार दिला. तिकडे अंबरनाथला रवी फिरायला लागली. सेठ पोपटाला म्हणाले, नौकरी करेगा? पोपट म्हणाला, रात्रपाळी नको."

"आजोबा."

बाकामागे पायल होती. स्कूटीवरच बसलेली, हेल्मेट मांडीवर. केव्हा आली, मला कळलं नाही.

"शुक्रवारी सेठ उल्हासनगरला नव्हतेच," ती म्हणाली. "दिवसभर कारखान्यात माझ्यासमोर होते."

"मग पत्ता कुणी बदलला?" बाळाजीने विचारलं.

"मी त्यांना स्क्रीनपुढे बसवलं आणि म्हटलं, तुम्ही स्वतः आत जाऊन दाखवा. त्यांच्याच कारखान्याने त्यांना बाहेर ठेवलं. ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले. मग वरचा जुना पत्ता त्यांनीच मोठ्याने वाचला. गुरूंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. शेवटी मोबाइल माझ्या हातात दिला. म्हणाले, कर बेटी, और सोमवार को टाइम पे आ."

"म्हणजे नोकरी राहिली," कुंदा म्हणाली.

"राहिली." पायलने माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्हाला शुक्रवारी सकाळी मीच दातांच्या डॉक्टरकडे सोडलं होतं. दाढ काढलेली, तोंडात कापूस. खोटं राहू द्या आजोबा, त्या दिवशी तुम्हाला खरंसुद्धा बोलता येत नव्हतं."