रविवारची तपासणी

गुणवंत वैरागडे यांनी सर्जनबाईंना विचारायचे अठरा प्रश्न कागदावर लिहून नेले होते. डिफेन्स फॅक्टरीत माल तपासण्यात एकतीस वर्षं घालवलेला माणूस तो. बायकोचं पोट ज्या हातांत द्यायचं, ते हात तपासल्याशिवाय कसं द्यायचं? निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी रांझीच्या वस्तीत त्यांना अजून ‘इन्स्पेक्टर साब’च म्हणत. भाजीवाला तर ते येताना दिसले की वरचे टमाटे स्वतःच बाजूला सारायचा, कारण हे गृहस्थ खालूनच निवडून घेणार हे त्याला पाठ झालं होतं.

वसुधाताईंच्या पित्ताशयात खडे झाले होते. दोन महिन्यांत दोनदा कळ आली आणि दुसऱ्या वेळी त्या घामाने भिजून न्हाणीघराच्या दारातच बसून राहिल्या. दुर्बिणीतून ऑपरेशन करून पित्ताशय काढायचं ठरलं. शहरातल्याच गोरखपूर भागातल्या एका खासगी हॉस्पिटलात डॉ. दीप्ती खिरवडकर होत्या, मूळच्या नागपूरकडच्या. मराठीत बोलणारी डॉक्टर मिळाली म्हणून वसुधाताई खूश होत्या, आणि मराठीत उलटतपासणी घेता येईल म्हणून गुणवंतराव.

“दुर्बिणीनं सुरू केलं आणि मग पोट उघडावं लागलं, असं किती वेळा झालं?” हा त्यांचा सातवा प्रश्न.

“शंभरात तीन-चार वेळा,” दीप्ती म्हणाल्या. त्यांना राग आलेला दिसला नाही. “पण काका, सगळं माझ्या हातावर नसतं. बाहेरून चार छोटी भोकं दिसतात म्हणून लोकांना वाटतं ऑपरेशनही छोटंच. आतली जखम काही छोटी नसते. ती भरायची कशी, ते पेशंटच्या शरीरानं ठरवायचं. शुगर किती, फुप्फुसं कशी, सूज किती जुनी, दुसऱ्या दिवशी उठून चालतात की पडून राहतात. चला, आता माझे प्रश्न. काकू, जिना चढताना दम लागतो?”

“नाही लागत,” गुणवंतराव म्हणाले.

“पोट कधी जास्त दुखतं?”

“रात्री जेवल्यावर,” तेही गुणवंतरावांनीच सांगितलं. वसुधाताईंनी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. घरात हीच वहिवाट होती. फॉर्म ते भरत, उत्तरं ते देत, सही तेवढी वसुधाताईंनी करायची.

“शुगर आहे?”

या प्रश्नाची गुणवंतराव वाटच पाहत होते. त्यांनी पिशवीतून निळी वही काढली आणि टेबलावर उघडून ठेवली. सहा वर्षं दर रविवारी सकाळी सात वाजता त्यांनी स्वतः बायकोचं बोट टोचून आकडा लिहिला होता. एकशे अठरा, एकशे चोवीस, एकशे सोळा. गोळ्यांची पाकिटंही ते मोजत.

“एकही नागा नाही,” ते म्हणाले.

“फक्त रविवारीच?”

“दर रविवारी.”

वसुधाताई पर्सचा बंद सारखा करू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी वही मिटून परत दिली आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी लिहून दिली.

रिपोर्ट आला नऊ पूर्णांक आठ. सातच्या आत असता तर वही खरी ठरली असती. गुणवंतरावांनी लॅबवाल्याला फोन करून झाडलं, नमुन्यांची अदलाबदल झाली असणार म्हणाले, आणि सिव्हिल लाइन्समधल्या दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. तिथे नऊ पूर्णांक सात.

“अशा शुगरवर मी ऑपरेशन केलं,” दीप्ती म्हणाल्या, “तर माझ्याकडून काहीही न चुकता आत पू होऊ शकतो. आणि फार थांबलो तर पित्ताशय आणखी सुजेल, मग दुर्बिणीनं जमेलच असं नाही. मी तीन आठवडे देते. रात्री इन्सुलिन घ्यायचं, आणि सकाळी उपाशीपोटी व जेवल्यावर दोन तासांनी, असे रोजचे आकडे मला कळवायचे. खरे आकडे. आकडा खोटा असला तर माझा डोस चुकेल, आणि त्यात काकूंचा जीवही जाऊ शकतो.”

घरी येताच गुणवंतरावांनी चष्मा लावला आणि शुगरचं मशीन तपासायला घेतलं. स्वतःचं बोट टोचलं, सत्त्याण्णव आलं. पट्ट्यांची तारीख पाहिली, ती पुढच्या वर्षीची होती. सेल बदलून पुन्हा टोचलं.

“तुम्ही मशीन काहून तपासून राहिले?” वसुधाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. “मशीन बरोबर आहे.”

“मग?”

“शनिवारी मी जेवत नाही.”

“म्हणजे काय?”

“दुपारी चारनंतर काही घेतच नाही. तुम्हाला वाढून देते आणि मी मागाहून बसते म्हणते ना, तर बसतच नाही. संध्याकाळी शेजारच्या विनताकडे जाते सांगून तिच्यासोबत ग्राउंडचे सहा चक्कर मारते. आठवड्यात एखादी गोळी चुकवते, ती शनिवारी रात्री दुसरीसोबत घेते. म्हणून पाकिटातल्या गोळ्या बरोबर भरतात.”

गुणवंतरावांनी मशीन खाली ठेवलं.

“आणि रविवारी?”

“तुम्ही आकडा लिहून आंघोळीला जाता, तेव्हा विनता खोव्याची जलेबी घेऊन येते.” मग त्यांनाच वाटलं असावं की इतकं सांगितलं तर उरलेलंही सांगावं. “पहिल्या वर्षी एकदा एकशे चौसष्ट आलं होतं. आठवतं? तुम्ही लाल पेनानं त्याला गोल केला अन् चार दिवस माझ्याशी बोलले नाही. मला त्या आकड्याची नाही हो भीती वाटली. तुमच्या चेहऱ्याची वाटली.”

लाल गोल गुणवंतरावांना आठवत होता. चार दिवसांचं काही त्यांना आठवेना, आणि न आठवण्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. फॅक्टरीत तोफगोळ्यांच्या पितळी टोप्यांच्या पेट्या येत तेव्हा कारागीर चांगला माल वरच्या थरात रचत आणि शंकास्पद तळाशी. म्हणून गुणवंतराव कधी ठरल्या दिवशी जात नसत आणि वरचा नग कधी उचलत नसत. सांगून केलेली तपासणी म्हणजे पाहुणचार, असं ते हाताखालच्या पोरांना ऐकवत. आणि स्वतःच्या घरात त्यांनी वार ठरवला होता, वेळ ठरवली होती, वर आदल्या रात्री ‘उद्या शुगर बरं का’ अशी आठवणही करून देत होते. सहा वर्षं वरचाच थर पाहून मोठ्या ऐटीत सही ठोकत आले होते.

पण त्यांना खरं टोचलं ते दुसरंच. भाऊराव नावाचा एक टर्नर होता. एकदा त्यानं हातून चीर गेलेला नग स्वतःहून आणून त्यांच्या टेबलावर ठेवला. गुणवंतराव ओरडले नव्हते. त्यांनी स्टूल पुढे ओढलं, आपला अर्धा चहा त्याच्या कपात ओतला, आणि मग दोघांनी मिळून मशीनचा दोष शोधला. त्या परक्या माणसाला जे दिलं ते आपण बायकोला एकदाही दिलं नाही, हे त्यांना त्या ओट्यावर बसल्या बसल्या कळलं आणि डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून मशीन वसुधाताईंच्या हातात गेलं. पहिला आकडा दोनशे एकेचाळीस. गुणवंतराव समोरच बसले होते. त्यांच्या कपाळावर आठी पडलीच. वसुधाताईंनी आकड्याकडे पाहिलंच नव्हतं, त्या यांच्या कपाळाकडे पाहत होत्या.

हे जमायचं नाही, असं गुणवंतरावांनी ओळखलं. लॅबला खोटं पाडायला निघालेला माणूस स्वतःचा चेहरा दुरुस्त करू शकत नव्हता. म्हणून ते दुसऱ्या सकाळी ओट्यावर घराकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, “तिथूनच सांग.”

“दोनशे बारा!”

“अच्छा,” ते म्हणाले आणि वहीत लिहिलं, निळ्या पेनानं. लाल पेन कचऱ्यात गेलं होतं. शेजारीपाजारी मात्र करमणूक झाली. इन्स्पेक्टर साब रोज सकाळी रस्त्याकडे तोंड करून बसतात आणि आतून आकाशवाणी होते, असं विनताबाई सगळीकडे सांगत सुटल्या.

नवव्या दिवशी आतून आवाज आला, “दोनशे साठ.” मग जरा थांबून, “काल विनताच्या नातीचा वाढदिवस होता. केक खाल्ला.”

लेकरासारखं वागून राहिली ही, पोटात दगड घेऊन, असं काहीबाही ओठांवर येऊन गेलं. त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या दोन सायकली मोजल्या, मग म्हणाले, “अच्छा.” आकडा आणि केक, दोन्ही जसंच्या तसं त्यांनी दीप्तीबाईंना कळवलं.

“बरं झालं केकचं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “नुसता आकडा कळला असता तर मी इन्सुलिन वाढवलं असतं आणि रात्री शुगर एकदम उतरली असती. डोस आहे तोच ठेवा.”

फोन ठेवल्यावर गुणवंतरावांनी वहीत आकड्यापुढे ‘केक’ लिहिलं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सकाळचा आकडा एकशे एकोणतीसवर आला. शनिवार-रविवार, सगळे वार सारखेच.

ऑपरेशन तासाभरात आटोपलं. दीप्तीबाई बाहेर येऊन म्हणाल्या, “सूज बरीच होती, पण दुर्बिणीनंच झालं.” गुणवंतरावांचा जीव भांड्यात पडला. अठरा प्रश्नांचा कागद खिशातच होता. तो त्यांनी बाहेर काढला नाही. संध्याकाळी वसुधाताई त्यांचा दंड धरून वॉर्डच्या टोकापर्यंत चालून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या. “माताजी, दर्द कितना है? दस में से बताइए.”

“नहीं, ज़्यादा…” गुणवंतराव सवयीनं सुरू झाले आणि मध्येच थांबले. मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

“सात,” वसुधाताई म्हणाल्या. “और कंधा भी दुखता है. रात से. बताया नहीं था.”

सिस्टरनी डॉक्टरांना बोलावलं. दीप्तीबाईंनी पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला, आणि म्हणाल्या की पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा धरतो, घाबरण्यासारखं काही नाही. औषध दिलं, बिनसाखरेचा चहा चालेल म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

“अहो,” त्या गेल्यावर वसुधाताई म्हणाल्या, “आणखी एक आहे. बाजूच्या पलंगावरच्या बाईंना नातू झाला. त्यांनी पेढा दिला होता. अर्धा खाल्ला.”

गुणवंतरावांनी निळी वही काढली आणि लिहिलं, पेढा, अर्धा.

“पूर्ण खाल्ला,” वसुधाताई म्हणाल्या.

त्यांनी ‘अर्धा’ खोडून ‘एक’ लिहिलं. मग खुर्ची वळवून बायकोच्या समोर बसले, थर्मासमधून आपला बिनसाखरेचा चहा काढला आणि त्यातला अर्धा तिच्या कपात ओतला.