एक थर्मासभर वाट

मी एक जुना थर्मास आहे, मित्रांनो. कधीकाळी माझा रंग हिरवा होता. आता खांद्यापाशी थोडा उरलाय, बाकी सगळा पत्रा. माझा जन्म ब्वेनोस आयरेसच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझी आतली काच तयार केली, दोन पातळ भिंतींची. मधली हवा काढून घेतली, मला उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, "हा टिकेल." माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. अजून आठवतं.

तिथून दोन दिवस बसच्या टपावर हिंदकळत मी खूप खाली दक्षिणेला आलो, पुएर्तो मादरीन गावात. इथे हिवाळा जूनमध्ये येतो आणि वारा वर्षभर कुठेच जात नाही. एव्हारिस्तो नावाच्या एका नावाड्याने मला दुकानातून उचललं. त्याच्या लग्नाला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

"चादरी आणायला पाठवलं होतं तुला, म्हाताऱ्या!" त्याची बायको सुलेमा म्हणाली.

म्हातारा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. आमच्याकडे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून नवरा म्हातारा होतो आणि बायको म्हातारी. त्यात राग नसतो.

"चादरीत गरम पाणी राहतं का, म्हातारे?" तो म्हणाला आणि मी त्या घरचा झालो.

माझे कष्टाचे दिवस फार सुखाचे होते. हिवाळ्यात देवमासे आमच्या आखातात पिल्लं घालायला येतात. एव्हारिस्तो लोकांना होडीतून ते दाखवायला न्यायचा. पण तो देवमाशांच्या मागे कधी लागला नाही. आखाताच्या मध्यावर इंजिन बंद करायचा, मला दोन गुडघ्यांत धरायचा आणि माते करायला घ्यायचा. भोपळ्याच्या छोट्या वाटीत कडू हिरवा पाला, त्यावर माझं पाणी, आणि एकाच नळीने सगळ्यांनी आळीपाळीने ओढायचं. त्याचा एक नियम होता. एक थर्मासभर वाट बघायची. मी रिकामा होईपर्यंत कुणी 'चला' म्हणायचं नाही.

लोक चुळबुळायचे. राजधानीतले एक गृहस्थ एकदा कावून म्हणाले, "कप्तान, आम्ही देवमासे बघायला आलोय, चहापाण्याला नाही."

"देवमासेही वाटच बघतायत, साहेब," एव्हारिस्तो म्हणाला. "तुम्ही गप्प कधी बसता याची."

आणि मी अर्धा झालो की होडीच्या अगदी कडेला एक मोठा, ओला श्वास सुटायचा. सगळ्यांच्या टोप्यांवर तुषार. मग राजधानीतले साहेबही लहान मुलासारखे तोंड उघडं टाकून बसायचे, आणि हातातलं माते गार व्हायचं.

त्या सगळ्यांत एक देवमाशीण एव्हारिस्तोच्या खास ओळखीची होती. तिच्या शेपटीचा उजवा पंख पानाचं टोक दुमडावं तसा दुमडलेला होता. दर तीन वर्षांनी ती नवं पिल्लू घेऊन यायची. पिल्लाला होडीच्या बाजूने ठेवायची आणि आपण पलीकडे राहायची, जणू 'धर जरा याला' म्हणून शेजारणीकडे दिलंय. एव्हारिस्तोने तिला नाव दिलं होतं, दोन्या खुस्ता, म्हणजे खुस्ताबाई.

घरी सुलेमाला त्या नावाचा वीट आला होता. "गेला आपल्या खुस्ताकडे," ती शेजारणींना सांगायची. "मी पिठाच्या चकत्या तळून ठेवते, तो तिच्या पिल्लाचं कौतुक ऐकवतो." चाळीस हिवाळ्यांत ती एकदाही होडीत बसली नाही. समुद्र तिला ओला वाटायचा.

मग एव्हारिस्तोच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. होडी गेली, गाडी चालवणं गेलं, शेवटी चेहरेही गेले. उजेड कुठे आहे एवढंच त्याला कळायचं. त्याच सुमारास दोन्या खुस्ताही दिसेनाशी झाली. तिची एक खेप चुकली, मग दुसरीही. यंदा पुन्हा तिचं वर्ष होतं.

"मला तिला बघायचं नाहीये," एव्हारिस्तो सुलेमाला म्हणाला. "बघायचं संपलं माझं. ती जिवंत आहे की नाही, एवढं फक्त मला कळू दे. तू बघ."

म्हणून जूनपासून सुलेमा जुनी पिकअप काढून त्याला एल दोरादियोच्या किनाऱ्यावर न्यायला लागली. तिथे भरतीच्या वेळी देवमासे काठापासून दहा पावलांवर येतात. दोघं काठच्या दगडगोट्यांवर घोंगडी टाकून बसायची, मध्ये मी.

"काय दिसतंय?"

"पाणी."

"आणि?"

"आणखी पाणी."

"नीट बघ ना, म्हातारे."

"नीटच बघतेय. बरंच ओलं दिसतंय."

तिचे गुडघे दुखायचे. मग ती काय करायची माहीत आहे? त्याला दिसत नाही याचा फायदा घेऊन माझं अर्धं पाणी हळूच गोट्यांवर सोडून द्यायची. "संपला. चल घरी." मला फार लाज वाटायची. एव्हारिस्तो मला हातात घेऊन हलवायचा आणि म्हणायचा, "आज दगडही माते प्यायले वाटतं." पण उठायचा.

जुलैच्या अखेरीस एक दिवस गारा पडत होत्या. दूरवर एक देवमाशीण आणि तिचं पिल्लू वर आलं. सुलेमा एकदम म्हणाली, "आली बघ! तुझी खुस्ता आली. झालं समाधान? आता चल."

एव्हारिस्तो उभा राहिला. त्याने टोपी काढली. गारा त्याच्या टकलावर वाजत होत्या.

"शेपटी दुमडलेली आहे?"

"आहे."

"पिल्लू?"

"ते पण आहे. सगळं आहे. टोपी घाल आधी."

वाटेत दोघं पाव घ्यायला उतरली आणि तो सगळ्या दुकानाला सांगत सुटला. तिथे यामिला नावाची मुलगी होती, देवमाशांचे फोटो काढून त्यांची नोंद ठेवणारी. तिने आनंदाने विचारलं, "कुठला पंख दुमडलेला दिसला, सुलेमाताई?"

"डावा," सुलेमा म्हणाली.

एव्हारिस्तोने पावाची पिशवी खाली ठेवली. "उजवा," तो हळूच म्हणाला. चाळीस वर्षं त्या घरात ती गोष्ट रोज सांगितली गेली होती.

घरी तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "ती मेली असती तर मेली म्हणून मी रडलो असतो. तू तिला उगीच जिवंत केलंस. आता तू काहीही सांगितलंस तरी मी काय धरून चालू?"

मी अकरा दिवस फळीवर होतो. तोंडात धूळ, पोटात काही नाही. त्या घरात इतका गार मी कधीच पडलो नव्हतो.

बाराव्या दिवशी सुलेमाने मला खाली काढलं, तीनदा विसळलं आणि काठोकाठ भरलं. एव्हारिस्तोच्या डोक्यावर लोकरीची टोपी ओढली. "चल. भरती अकराला आहे."

"कशाला?"

"थर्मास भरलाय. एकटी कशी संपवू?"

त्या दिवसापासून गोट्यांवर एक थेंब सांडला नाही. सुलेमा बघायला शिकली. आधी अडखळत, मग सवयीने. "एक मोठी आहे. डोक्यावर तीन खरखरीत चट्टे, पुढचा टोपीसारखा. पाठीवर तो मेला कुरव पक्षी चोच मारतोय तिला. आता बुडतेय. शेपटी सरळ आहे. ही नाही, म्हाताऱ्या."

'ही नाही' म्हणताना तिचा आवाज दर वेळी उतरायचा. तरी ती म्हणायची. तो मान हलवायचा. विश्वास ठेवत होता की नाही, मला कळत नव्हतं. तिलाही कळत नसावं. पण एकदा मी पार रिकामा झालो, एव्हारिस्तो उठायला लागला, तर तीच त्याची बाही धरून म्हणाली, "बस रे जरा. पलीकडे काहीतरी हललंय."

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. ऑक्टोबरच्या एका सकाळी वारा पडला होता. सुलेमा मला तिरका करून वाटीत पाणी ओतत होती. एवढ्यात अगदी समोर, काठालगत, तो श्वास सुटला. ती उठून उभी राहिली. पाण्यातून शेपटी वर आली, सावकाश, पाणी निथळत.

आणि मी तिच्या हातातून सुटलो.

गोट्यांवर आपटलो तेव्हा माझ्या आत एक बारीकसा आवाज झाला. गरम पाणी तिच्या बुटांत गेलं. ती हलली नाही.

"काय पडलं?" एव्हारिस्तोने विचारलं. "सुलेमा? अगं, काय झालं?"

चाळीस वर्षांत त्या बाईच्या हातून घरातली बशीसुद्धा फुटली नव्हती. एव्हारिस्तोने चाचपडत मला उचललं, कानाशी धरून हलवलं. माझ्यात काचा खुळखुळल्या.

"उजवा?" त्याने विचारलं.

"उजवा," ती म्हणाली. "आणि एव्हारिस्तो, पिल्लू पांढरं आहे. साबणाच्या वडीसारखं. तिच्या पाठीवर चढायला बघतंय आणि घसरतंय. पुन्हा चढतंय. ती काही म्हणत नाहीये त्याला. नुसती पडून राहिलीय."

"सांग," तो म्हणाला. तो रडत होता आणि हसत होता. "सांगत राहा."

ओहोटी लागेपर्यंत ती सांगत राहिली. घोटभर मातेसुद्धा नव्हतं, आणि कुणाला आठवण झाली नाही.

मला कुणी फेकून दिलं नाही. काचा काढून सुलेमाने माझ्यात विणायच्या सुया ठेवल्या. माझ्या जागी एक स्टीलचा आलाय. चांगला आहे बिचारा. पडला तरी फुटत नाही. मला त्याची थोडी कीव येते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्यांना आता दिसत नाही किंवा जिना उतरवत नाही. ते विचारतील, "बाहेर काय चाललंय रे?" तेव्हा घाईने "काही नाही" म्हणू नका. आणि त्यांना बरं वाटावं म्हणून भलतंच काही रचूही नका. खिडकीशी जा. थोडं थांबा. नीट बघा. आणि मग त्यांच्याजवळ बसून, जे आहे ते सगळं सांगा.