चौदा नंबरचा फोन

हिरवा दिवा लागत होता आणि विझत होता... संस्थेतले सगळे फोन जोडणाऱ्या त्या पांढऱ्या पेटीवर, दसऱ्याला लावलेल्या कुंकवाच्या टिळ्याखाली. दिवा लागतो म्हणजे पेटी जिवंत आहे, मग ही मेली कॉम्प्युटरशी बोलत का नाही, असं ऑपरेटर नूतनला वाटत होतं. पडद्यावर तेच गोल चक्र, आणि चक्र थकलं की तीच ओळ — संपर्क होऊ शकला नाही. सकाळपासून इतक्यांदा वाचल्यावर आता ती ओळ मॅनेजर विनेशसाहेबांच्या आवाजात ऐकू यायला लागली होती.

काम तसं चिमूटभर. बंदरावरच्या या मच्छीमार संस्थेत होड्यांची खबर ठेवणारे भागोजीकाका दसऱ्यानंतर वरच्या मजल्यावर गेले, आणि त्यांचा चौदा नंबर मात्र खाली, कुलूप घातलेल्या खोलीत वाजत राहिला. तो वर न्यायचा तर पेटीच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरायला हवं, आणि शिरताच येत नव्हतं. होडी लागली का विचारणारे घराघरांतले फोन काही थांबत नव्हते, आणि चार दिवस नूतन प्रत्येक फोनला जिना चढत होती, उतरत होती.

“पुन्ना आलीस? आता कोनाचा?” काका विचारत.

“तुळशीचा. तिच्या नवऱ्याची होडी.”

“लागली म्हनून सांग. आनि बाय, जरा दम खा.”

दम कसला खायचा. साहेबांनी काल तोंडावर सांगितलं होतं, उद्या पाचपर्यंत जमलं नाही तर ह्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेल, तुम्ही बर्फाच्या कुपनांची खिडकी सांभाळा. उद्या म्हणजे आज. आणि पेटी बसवणारा पनवेलचा साहिल फोनवर म्हणाला होता, “मॅडम, सॉफ्टवेअर काढून परत टाकलंत ना? मग बॉक्सच गेला असणार. गुरुवारी येतो. तोपर्यंत हात लावू नका.”

हात लावू नका... हे काय तिला नवं होतं? वाळूवर होडीचं इंजिन उघडून बसलेले बाबा — आठ वर्षांची ती एकेक पाना पुढे करायची, कुठला लागणार ते मागायच्या आधी ओळखायची, पण हात इंजिनाकडे गेला की ते म्हणायचे, बिघडेल. मग सासरी मिक्सर, टीव्ही, नवऱ्याची मोटरसायकल... सगळंच बिघडेल. चाळीस वर्षं ती नुसते पाने पुढे करत आली, आणि — मला कळत होतं, हो, तेव्हाही कळत होतं की बाबा चुकीचा नट आवळतायत.

तीन वाजले. तिने चक्राकडे बघणं सोडलं. काय चालतंय ते आधी बाजूला काढू. फोन वाजतात, म्हणजे पेटी चालते. याच कॉम्प्युटरवरून शेजारच्या खोलीतल्या प्रिंटरवर कागद निघतो, म्हणजे कॉम्प्युटर चालतो. दोघंही धडधाकट आणि बोलणं बंद... मग मधली वायर. पदर कमरेला खोचून ती टेबलाखाली शिरली, वायर चिमटीत धरून सरकत सरकत पेटीच्या पाठीमागे पोचली. तिथे दोन अगदी सारखी भोकं, एकाला एक चिकटून. वायर उजवीकडच्यात, आणि तिथला दिवा विझलेला. डावीकडचं रिकामं.

तिने हात लावला. वायर काढून डावीकडे घातली, खट्ट झालं, भोकाशी नारिंगी दिवा फडफडला. पडद्यावर चक्र फिरलं, थांबलं, आणि सगळे नंबर ओळीने उभे राहिले. चौदा नंबर तिने वरच्या खोलीत नेला आणि लगेच फिरवून बघितला. डोक्यावर, छतापलीकडे, घंटी वाजली. “हां, बोला,” काका म्हणाले, आणि नूतनला हसू फुटलं, रिकाम्या खोलीत, मोठ्याने, आवरेना इतकं.

हसता हसताच तिला आठवलं. दसऱ्याला पेटी पुजायची म्हणून सगळ्या वायरी काढून, पेटी फडक्याने पुसून, हळदकुंकू वाहून त्या परत घातल्या होत्या तिनेच. दुसऱ्या कोणीही नाही.

साहेबांचा फोन आला. “काय, जमलं का?”

“जमलं, साहेब.”

“अरे वा. साहिलनेच काहीतरी घोळ घातलेला ना?”

हो म्हणणं सोपं होतं. खुर्ची बिनबोभाट राहिली असती. पण आत काहीतरी उसळत होतं आणि ती भीती नव्हती... तिने नीट चाचपून बघितलं, भीती कुठेच नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षांत कुठल्याही यंत्राच्या बाबतीत तिच्या नावावर एक चूक नव्हती. चुकायला यंत्र हातात तर यायला हवं. ही पहिली — आपण केलेली, आपणच शोधलेली, आपणच निस्तरलेली — ती साहिलला कशाला देऊन टाकायची?

“नाही,” नूतन म्हणाली. “दसऱ्याला वायर मीच चुकीची घातली होती.”

खुर्ची की खिडकी, साहेब काय म्हणणार हे तिला माहीत नव्हतं. रिसीव्हर कानाशी धरून ती वाट बघत होती खरी, पण नजर पेटीच्या झाकणावर होती, आणि ते काढून आत काय आहे ते एकदा बघायचंच, असं तिचं ठरत चाललं होतं.