हरणाबाईंच्या दारावरून गेलेली ढोलकी

मित्रांनो, शांतवनच्या घरात खुंटीला टांगलेली ही जुनी ढोलकी मीच. घटकाभर थांबलात तर माझी कहाणी सांगते.

माझा जन्म मिरजेचा. कारागिरानं शिसवाचं खोड कोरलं, कातडं ताणलं, दोऱ्या आवळल्या आणि कुपवाडच्या दावीदकाकांनी मला उराशी धरून घरी नेलं. तेव्हा माझा तोरा काय विचारता! थाप पडली की गल्लीतली सगळी दारं उघडलीच पाहिजेत, असं मला वाटायचं.

डिसेंबरात आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे वाट पाहण्याचे आठवडे, आला की चर्चची मंडळी नाताळची गाणी गात घरोघर फिरायची आणि सगळ्यांच्या पुढे मी. दावीदकाकांची एक रीत होती. गाणं संपलं की ते माझ्यावर तळवा ठेवून मला गप्प करायचे आणि मंडळी दारात नुसती उभी राहायची. मग घरातलं माणूस हळूहळू मनातलं बोलू लागायचं. कुणाची नोकरी गेलेली असायची, कुणाचं लेकरू दवाखान्यात. काका म्हणायचे, "प्रभू यायचाय, तर आदी मनात जागा नको व्हय करायला?" मला मात्र गप्प बसायचा भारी राग यायचा.

यंदा पावसाळ्यात काका गेले. त्यांच्या पत्नी हरणाबाईंनी मला काकांच्या शिष्याच्या, शांतवनच्या हाती दिलं. "वाजत राहू दे," एवढंच त्या म्हणाल्या.

शांतवनचा हात गोड आहे, पण यंदा घाईच फार. चर्च सजवायचं, मुलांचं नाटक बसवायचं, घरी करंज्या खोळंबलेल्या. एक गाणं, एक फोटो, की चला पुढच्या घरी.

शनिवारी संध्याकाळी आम्ही वाजतगाजत हरणाबाईंच्या गल्लीत शिरलो. कुणीतरी म्हणालं, "त्येंच्यात दुःख हाय. गाणं नको, उगं रडतील." सगळ्यांना ते पटलं आणि वेळही वाचला. शांतवननं माझ्यावर तळवा ठेवला आणि सगळे चवड्यांवर चालत तिथून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उपासना सुटल्यावर हरणाबाईंनी शांतवनला गाठलं.

"काल ढोलकी माझ्या दारापाशी गप झाली. मला वाटलं, आलासा. ह्यांच्यागत हुबं असशीला. धावत दार उघडलं रं, तर कुनीच न्हाई."

शांतवनची मान खाली गेली. "काकी, तुमास्नी तरास नको म्हनून..."

"तरास तर हायच की. त्यो एकलीनंच काढायचा व्हय?"

"आज येतो काकी. समदी येतो."

"आज लेक न्यायला आलीया. कवठे महांकाळला चालले, कायमची. घर मोकळं केलंय. त्या घरात शेवटचं म्हनून वाट बघत हुते."

शांतवन तिथेच रडला. हरणाबाईंनी पदरानं त्याचे डोळे पुसले आणि त्या लेकीबरोबर गेल्या.

मित्रांनो, सणाची गडबड तुमच्याही घरी असेल. पण वाटेत दुःखाचं घर लागलं, तर पाय न वाजवता पुढे जाऊ नका. गाणं सुचलं नाही तर गाऊ नका. दार वाजवा, आत जाऊन बसा आणि ते माणूस बोलेल ते ऐका. हरणाबाईंच्या दाराला आता कुलूप आहे. तिथे थांबायचं माझं राहून गेलं, ते कायमचंच.