सत्तावन्न अटी

रविवारी सकाळी नणंदेचा फोन आला. "वहिनी, तुमच्या लॅबच्या अ‍ॅपवर माझा रिपोर्ट उघडला, तर खाली कुणा आजोबांचाही दिसतोय. वय अठ्ठ्याहत्तर, साखर दोनशे ऐंशी. हे माझ्याकडे कसं आलं?"

रक्त तपासणाऱ्या त्या लॅबचं सॉफ्टवेअर गेली नऊ वर्षं वहिनीच सांभाळत होती. "ते बंद कर आणि कुणाला दाखवू नकोस," एवढंच म्हणून ती लॅपटॉप घेऊन बसली. मॅनेजरांना विचारून आधी तिने ऑनलाइन रिपोर्ट दाखवणंच थांबवलं.

कोणता रिपोर्ट कुणाला दिसावा, हे ठरवणारी एक फाइल होती. सुरुवातीला तिच्यात तीन अटी होत्या, आता सत्तावन्न. नवी शाखा निघाली, घाल एक अट. डॉक्टरांनी कुरकुर केली, घाल दुसरी.

दुपारपर्यंत घोळ सापडला. एका मोबाइल नंबरवरचे सगळे रिपोर्ट एकाच कुटुंबाचे समजायचे, फक्त जन्मतारीख विचारून खात्री करायची, अशी एक अट होती. पुढे तातडीच्या रिपोर्टला खोळंबा नको म्हणून जन्मतारीख विचारू नये, अशी दुसरी आली. नणंदेने गेल्या महिन्यात घेतलेला नंबर पूर्वी त्या आजोबांच्या मुलीचा होता, आणि आजोबांचा रिपोर्ट तातडीचा. दोन्ही अटी एकेकट्या साध्या सरळ होत्या. एकत्र आल्या आणि दार उघडं पडलं. दुसरी अट वहिनीनेच लिहिलेली होती.

सोमवारी मॅनेजर म्हणाले, "मग अजून एक अट टाकू. संध्याकाळपर्यंत होईल?"

"होईल. पण ती आधीच्या सत्तावन्नांशी कशी वागेल, हे मी सांगू शकणार नाही. दोन आठवडे द्या, मी अटी कमी करते."

"नऊ वर्षांचं काम काढून टाकणार?"

"त्यातलं निम्मं माझंच आहे, आणि मलाच ते डोक्यात मावत नाही. घराला दारं किती तेच ठाऊक नसेल, तर कुलपं कुठे लावायची?"

मॅनेजरांनी कॅलेंडरवर दोन आठवडे मोजले. मग म्हणाले, "रिपोर्ट तोवर छापून देऊ. बोलणी मी खातो."

त्याच दिवशी तिने आजोबांना फोन करून सगळं खरं सांगितलं.

"साखरेचा आकडा दिसला त्यांना?" आजोबांनी विचारलं.

"दिसला. चूक माझी आहे."

"मुलीला मी एकशे चाळीस सांगितलीय. तिला नाही ना दिसला?"

"नाही."

"मग ठीक आहे. आणि तुम्ही स्वतःहून सांगितलंत, बरं केलंत."

मदतीला तपासनीस आला. चुका शोधायला सॉफ्टवेअर मोडून बघणं हेच त्याचं काम, म्हणून सगळे त्याला खुसपटराव म्हणत. दोघांनी एकेक अट कागदावर लिहून बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवर चिकटवली आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, ही कुणासाठी? अकरा अटी बंद पडलेल्या शाखांच्या निघाल्या. एकीवर शेरा होता, 'तात्पुरती. पुढच्या आठवड्यात काढणे.' सात वर्षांपूर्वीचा, वहिनीचाच. खुसपटराव हसून हसून खुर्चीत बसले. पुढची अट वाचली तेव्हा मात्र दोघांचं हसू गेलं. नोकरी सोडून गेलेल्या एका स्वागतिकेला त्या अटीमुळे अजून सगळे रिपोर्ट उघडता आले असते. नोंदी पाहिल्या. सुदैवाने गेल्यानंतर तिने एकही उघडला नव्हता.

शेवटी चार नियम उरले. रिपोर्ट ज्याचा त्याला, त्याच्या डॉक्टरला, त्याने स्वतः नाव घालून परवानगी दिलेल्याला आणि लॅबमध्ये त्या तपासणीवर काम करणाऱ्याला दिसेल. बाकी कुणालाही नाही.

खुसपटरावांनी तीन दिवस जंग जंग पछाडलं. चौथ्या दिवशी तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "काही सापडलं नाही. एवढ्याशा फाइलीत चूक लपणार तरी कुठे?" त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

महिन्याभराने एक नवं हॉस्पिटल लॅबशी जोडलं गेलं. त्यांच्यासाठी वेगळी अट लागेल, असं मॅनेजरांना वाटत होतं. वहिनीने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फाइल वाचली. दहा मिनिटं लागली.

"त्यांचे डॉक्टर दुसऱ्या नियमात बसतात," ती म्हणाली. "काहीच घालायला नको." आणि ती जेवायला गेली.